गिरसप्प्याचे छायाचित्र : एका क्षेत्रदौऱ्याची पूर्वतयारी

बोलींची पाहणी करणाऱ्यापुढे कोणता शब्द मिळवावा ह्याहूनही तो कसा विचारावा हा प्रश्न अधिक बिकट असतो. ‘धबधब्याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारले की समोरचा सभ्य गृहस्थ ‘धबधबाच म्हणतात’ असे सांगून मोकळा होतो. प्रमाणभाषेतील शब्द आपणच त्याच्या ओंजळीत टाकलेला असतो व तो आदराने तो परत करतो. ह्यावर उपाय म्हणून वस्तू दाखवून किंवा तिचे चित्र दाखवून नाव विचारण्याची पद्धत रूढ आहे. नांगर, उखळ, रहाट, सूप ह्यांच्या बाबतीत ती उत्तम चालते. परंतु नांगर ही वस्तू आहे. धबधबा ही घटना आहे. घटनेचे स्थिर चित्र घ्यावयाचे तर तिचा कोणता क्षण, किती पाणी व किती काळ चित्रात धरावयाचा, हे छायाचित्रकाराला ठरवावे लागते, आणि निवेदकाचे उत्तर ह्या ठरवण्यावर अवलंबून राहते. विभागातर्फे येत्या भाद्रपदात गिरसप्प्यास जाण्याचा जो दौरा योजला आहे, त्याची आखणी ह्या दृष्टीने कशी केली, ते येथे सांगावयाचे आहे.

ह्या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो स्वतःच्या चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, परीक्षांचे काम आटोपल्यावर, सवड मिळाली म्हणून मी गिरसप्प्यास गेलो व छायाचित्रे घेऊन आलो. समोर आठशे फुटांचा काळा कडा उभा होता आणि त्यावरून एक बारीकशी पांढरी रेघ खाली उतरत होती. ती रेघ थोडी भरीव दिसावी म्हणून कॅमेऱ्याची झडप मी पूर्ण एक सेकंद उघडी ठेवली. पुढे तेच चित्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावात दाखवले. एका आजींनी ते हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले आणि म्हणाल्या, “ह्यो कातळ. पाणी खंय असा ह्येच्यात?” रेघेवर बोट ठेवल्यावर त्यांनी ‘धार’ हा शब्द दिला. आणखी दोघांनीही ‘धार’च सांगितला. एका शेतकऱ्याने, वर कोणाचा तरी पाट फुटला असावा, असे अनुमान काढले. मग एका मित्राकडून मिळालेले ऐन पावसाळ्यातील चित्र पुढे केले. त्यात झडप बराच वेळ उघडी ठेवल्यामुळे पाण्याचे रेशीम झाले होते. एका मुलाने ते पाहून ‘कापूस’ म्हटले. दुसऱ्या गृहस्थांनी हा हिमालय का, असे विचारले.

वहीत मात्र मी त्या रात्री ‘धबधबा = धार’ अशी नोंद करून ठेवली होती. ती नोंद तशीच पुढे गेली असती तर ह्या गावी धबधब्याला ‘धार’ म्हणतात असे एका नकाशावर कायमचे उमटले असते. निवेदकांची उत्तरे चोख होती. त्यांना जे दाखवले त्याचेच नाव त्यांनी सांगितले. दाखवले तेच चुकीचे होते.

‘धबधबा’ हा शब्दच येथे थोडा लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. तो ‘धबधब’ ह्या ध्वन्यनुकारी शब्दावरून आला आहे. झुळझुळ, खळखळ, धबधब ही मराठीतील पाण्याची नादमालिका असून तीत पाण्याचे प्रमाण व पडण्याचा जोर क्रमाने सूचित होतात असे म्हणावयास हरकत नाही. झुळझुळणाऱ्या पाण्याला कोणी धबधबा म्हणणार नाही. संस्कृत ‘प्रपात’ शब्दात पतनाची क्रिया आहे. हिंदी ‘झरना’ शब्दात झरण्याची. आपला ‘झरा’ मात्र जमिनीतून उमलतो व हिंदी भाषकाशी बोलताना घोटाळा करतो. कन्नडमध्ये ‘अब्बी’ शब्द आहे. मडिकेरीजवळच्या धबधब्याचे हेच नाव इंग्रजी लेखनात ‘अ‍ॅबी’ झाले आणि तेथे कोठे ख्रिस्ती मठ आहे की काय, असा भ्रम परक्या प्रवाशास होऊ लागला. मराठी शब्दाचा अर्थ कानाने ठरतो, आणि छायाचित्राला कान नाहीत. तेव्हा ज्या चित्रावरून ‘धबधबा’ वा त्याचा बोलीतील प्रतिशब्द आपोआप ओठांवर यावा, त्या चित्रात पाण्याचा जोर डोळ्यांना तरी दिसला पाहिजे.

इतके धबधबे जवळ असताना गिरसप्पाच का, असे विद्यार्थ्यांनी विचारले. आंबोलीचे चित्र दाखवले तर सिंधुदुर्गातील निवेदक जातिवाचक शब्द न देता ‘आंबोली’ असे म्हणतो. दूधसागराच्या चित्रात कुळे व कॅसलरॉक ह्यांमधील रेल्वेचा पूल येतोच, व पूल दिसला की विशेषनाम बाहेर पडते. गिरसप्प्याचे नाव अनेकांनी ऐकलेले असले तरी त्याचा चेहरा आमच्या निवेदकांपैकी फार थोड्यांच्या ओळखीचा आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. शरावती नदी तेथे चार प्रवाहांनी ८३० फूट, म्हणजे २५३ मीटर, खाली येते आणि चारांची पडण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे. ‘राजा’ हा अखंड, कड्याला न शिवता पडतो. त्याच्या शेजारचा ‘रोअरर’ म्हणजे गर्जणारा, तिरपा धावत येऊन राजाकडे झेपावतो. ‘रॉकेट’ आतषबाजीतील बाणांप्रमाणे पाण्याचे झोत बाहेर फेकतो. ‘राणी’ खडकावरून फेसाळत घसरत येते. जुन्या इंग्रजी लेखकांनी हिला ‘दाम ब्लांश’, म्हणजे श्वेतवसना स्त्री, असेही फ्रेंच नाव दिलेले आढळते. नावे देणाऱ्यांनी दोघांना पद पाहून, एकाला आवाज ऐकून व एकाला गती पाहून नाव दिले, हेही मजेचे आहे. आमचा लाभ असा, की एकाच चित्रावर बोट फिरवीत ‘हे कसे पडते? आणि हे?’ असे विचारता येते व नामाबरोबर क्रियापदेही मिळतात. कोसळणे, घसरणे, उडणे, ओघळणे ह्या अर्थांच्या बोलीतील क्रियापदांचा संग्रह आपल्याकडे अद्याप तुटपुंजाच आहे.

आता नावाविषयी. कर्नाटकात ह्या स्थळास ‘जोग’ म्हणतात. रस्त्यावरील पाट्यांवर व नकाशांवर तेच नाव आहे. ‘गिरसप्पा कोठे आहे?’ असे विचारीत जाणारा मराठी प्रवासी धबधब्यापासून बराच दूर, घाटाखालच्या एका गावी पोहोचण्याचा संभव आहे. ते गाव म्हणजे गेरुसोप्पे. सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी ही राणी तेथे राज्य करीत होती. पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. तेथील चतुर्मुख जैन बस्ती आजही उभी आहे. समुद्राकडून येणारा प्रवासी होनावरहून शरावतीच्या खाडीने वर येत असे तेव्हा त्यास हे गाव आधी लागे, आणि पुढे घाट चढून दिसणाऱ्या धबधब्यास तो ह्या गावाच्या नावाने ओळखू लागला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता आणि प्रवाहाचा उत्तर तीर ह्या जिल्ह्यात मोडतो. दक्षिण तीर म्हैसूरकडे. मराठी वाचकाच्या तोंडी ‘गिरसप्पा’ हेच नाव बसले, ह्याचे कारण ह्या राज्यकारभारात शोधावे लागेल. ‘गेरु’ म्हणजे बिब्बा वा काजू आणि ‘सोप्पु’ म्हणजे पाला अशी मूळ नावाची फोड कन्नडमध्ये करतात. त्याचे ‘गिरसप्पा’ होण्यात इंग्रजी लेखनाचा हात असावाच. पण बसप्पा, मल्लप्पा, निंगप्पा ह्या परिचित व्यक्तिनामांचा ओढाही त्यात असावा असा माझा तर्क आहे. आपण ‘गिरसप्प्याचा धबधबा’ म्हणतो तेव्हा गिरसप्पा हा कोणी कानडी गृहस्थ असल्यासारखा त्याचा विभक्तिविकार करतो. असो. दौऱ्याच्या कागदांवर व चित्राखालील नोंदीत दोन्ही नावे घालावयाची असे ठरले आहे.

मे महिन्यातील माझी चूक केवळ ऋतूची नव्हती. उन्हाळ्यात पाणी कमी असते हे कोणासही ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते ते हे, की गिरसप्प्याचे पाणी आता ऋतूइतकेच धरणाच्या दारांवर अवलंबून आहे. १९४८ मध्ये तेथे जलविद्युत्-केंद्र सुरू झाले. पुढे त्यास महात्मा गांधींचे नाव मिळाले. त्यासाठी हिरेभास्कर येथे वरच्या बाजूस धरण होते. १९६४ मध्ये लिंगनमक्कीचे मोठे धरण पुरे झाले व हिरेभास्कर त्याच्या जलाशयात बुडाले. लिंगनमक्की धबधब्यापासून सुमारे सहा किलोमीटर वर आहे. त्याचे पाणी तळकळले येथील जलाशयात व तेथून नळांवाटे शरावती वीजगृहात जाते, आणि नदीस पुन्हा मिळते ते धबधब्याच्या पुष्कळ खाली. म्हणजे जे पाणी वीज करते ते कड्यावरून पडत नाही. कड्यावरून पडते ते धरणाखालच्या उरलेल्या सहा किलोमीटरांच्या टापूत पडलेल्या पावसाचे, आणि जलाशय तुडुंब भरल्यावर दारे उघडली तर तेथून सोडलेले. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १८१९ फूट आहे. दर वर्षी ती गाठली जातेच असे नाही.

ह्याचा परिणाम असा की १९६४ पूर्वीच्या वर्णनांतील गिरसप्पा व आज पाहावयास मिळणारा गिरसप्पा ह्या, ऐन पावसाळा सोडल्यास, दोन निराळ्या गोष्टी आहेत. ह्यात तक्रारीचा सूर नाही. ज्या दिव्याखाली हे लिहीत आहे त्यालाही कोठलीतरी नदी अडवावी लागली असेलच. परंतु ‘गिरसप्प्याचा धबधबा’ एवढेच शब्द चित्राखाली लिहिले तर त्या चित्राने काहीच सांगितले नाही असे होते. ‘दारे बंद, तीन दिवस पाऊस’ किंवा ‘दारे उघडी’ ही नोंद तारखेइतकीच आवश्यक आहे.

तेव्हा दिवस कोणता? जुलै व ऑगस्ट ह्या महिन्यांत पाण्याची खात्री असते, पण दरी ढगांनी भरते. तास तास उभे राहूनही पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसू नये व अकस्मात् पाच मिनिटे पडदा बाजूला व्हावा, असा तेथील अनुभव आहे. सप्टेंबरात ढग विरळ होऊ लागतात. जलाशय भरला असेल तर दारे उघडण्याचा संभवही ह्याच सुमारास असतो. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ, पाणी मात्र उतरणीला. भाद्रपद निवडला तो ह्यामुळे. तारीख मात्र मुद्दामच निश्चित केलेली नाही. जलाशयाची पातळी वृत्तपत्रांतून नित्य प्रसिद्ध होते; ऑगस्टपासून तिची नोंद ठेवण्याचे काम एका विद्यार्थिनीने पत्करले असून पातळी पुरेशी वर आली की चार दिवसांच्या अवधीत निघावयाचे आहे. मुक्काम तीन रात्रींचा ठेवला आहे, कारण त्यांतील एक दिवस धुक्याला द्यावा लागेल हे गृहीत धरलेले बरे. पुढील मार्चमध्ये त्याच जागेवरून, त्याच भिंगाने दुसरे चित्र घेण्यात येईल. माझे मे महिन्याचे चित्र एकटे असल्याने फसले. भरल्या धबधब्याच्या चित्राशेजारी ठेवलेले कोरडे चित्र फार उपयोगी पडेल. ‘ह्याचे हे झाले की काय म्हणता?’ ह्या प्रश्नाला आटणे, तुटणे, धार लागणे अशी उत्तरे येऊ शकतील.

प्रकाशाविषयी सामान्य छायाचित्रकाराची व आमची आवड जुळत नाही. त्याला इंद्रधनुष्य हवे असते. आम्हांला ते टाळावयाचे आहे, कारण चित्रात इंद्रधनुष्य असले की निवेदक त्याचेच नाव सांगतो व त्यावरच बोलत राहतो. टाळावयाचे तरी ते कोठे उमटते हे माहीत हवे. इंद्रधनुष्याचा मध्य सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेस असतो व त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते. सपाट जमिनीवर सूर्य ४२ अंशांहून वर चढला की ते दिसत नाही. दरीच्या काठी मात्र तुषार आपल्या पायांखाली असल्यामुळे सूर्य वर असतानाही ते खाली दिसू शकते. म्हणून सूर्य पाठीशी असेल ते तास सोडून द्यावयाचे, किंवा भिंगापुढे ध्रुवणकारक काच लावून ती फिरवीत जावे. धनुष्याचा प्रकाश ध्रुवित असल्यामुळे ते मंदावते. सर्वांत उत्तम म्हणजे उंच पांढरे ढग असलेला दिवस. कडक उन्हात एकीकडे काळा ओला खडक व दुसरीकडे फेस ह्यांतील अंतर इतके वाढते की फेसाचा आकार पार नाहीसा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. प्रकाशमापन फेसावरून करावे. खडक थोडा अधिक काळा आला तरी चालेल.

आता झडपेच्या वेगाचा प्रश्न. ह्यात थोडे गणित केल्यास अभिरुचीचे पुष्कळ वाद मिटतात. हवेचा अडथळा सोडून दिला तर पाणी २० मीटर पडेपर्यंत त्यास सेकंदाला सुमारे २० मीटरचा वेग येतो. (संपूर्ण २५३ मीटर पडण्यास ह्या हिशेबाने सात सेकंदांहून किंचित अधिक लागतील, प्रत्यक्षात पाणी फुटून तुषार होतात व अधिक वेळ घेतात.) झडप एक सेकंद उघडी राहिली तर ह्या ठिकाणचा थेंब चित्रात वीस मीटरांहून लांब रेघ ओढतो. मग रेशीम होते, कापूस होतो, हिमालय होतो. झडप १/५०० सेकंदाची ठेवली तर तोच थेंब चार सेंटिमीटर सरकतो. धबधब्याची पूर्ण उंची चित्रात तीन हजार बिंदूंवर पसरली असेल तर एक बिंदू म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे ही हालचाल एका बिंदूच्याही आत राहिली व पाणी गोठल्यासारखे दिसले. असे चित्र पाहून कोणी ‘बर्फ’ म्हणाला तर नवल नाही. आपला डोळा ह्या दोहोंपैकी एकही पाहत नाही. तो क्षणभर एखाद्या लोंढ्याबरोबर खाली उतरतो व पुन्हा वर जातो. त्या अनुभवाच्या जवळ जाणारा वेग १/६० च्या आसपास असावा असे मला वाटते. त्यात थेंब सुमारे तेहतीस सेंटिमीटर, म्हणजे चार बिंदू, सरकतो. लोंढ्यांना आकार राहतो व कडा किंचित पुसल्या जातात. तथापि एका व्यक्तीच्या वाटण्यावर न विसंबता १/५००, १/६०, १/८ व एक सेकंद अशा चारही वेगांनी, तिपाई न हलवता, चित्रे घ्यावयाची असून चारही चित्रे निवेदकांपुढे वेगवेगळ्या क्रमाने ठेवावयाची आहेत. कोणत्या वेगाला कोणता शब्द येतो हे पाहणे हाच कदाचित् ह्या दौऱ्याचा सर्वांत कुतूहलाचा भाग ठरेल. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने काम भागेल काय, असे एकाने विचारले. भागेल, मात्र झडपेचा वेग आपल्या हाती ठेवण्याची सोय त्यात हवी. तो स्वतःच्या बुद्धीने अनेक चित्रे एकत्र करून पाणी गुळगुळीत करून देऊ लागला तर आपल्याला काय मिळाले हे आपल्यालाच कळणार नाही.

उंचीचे भान ही आणखी एक अडचण. चित्रात माणूस, झाड वा घर नसेल तर आठशे फूट व ऐंशी फूट सारखेच दिसतात. पाट फुटल्याचे अनुमान काढणाऱ्या शेतकऱ्याला चित्रातून मोजमापच मिळाले नव्हते. सागर तालुक्याच्या बाजूकडील मुख्य दर्शनस्थळावरून चारही प्रवाह एकत्र दिसतात. चौकटीत वरच्या काठावरची झाडे येतील अशी काळजी घ्यावयाची. तेथून तळाकडे जाण्यास चौदाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात व पुष्कळदा बंद ठेवतात. उघड्या असल्या तरी वरून पाणी सोडले जाणार आहे काय, हे विचारल्यावाचून कोणी खाली उतरू नये. धरण व वीजगृह ही संरक्षित स्थळे असल्याने तेथे कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी परवानगी विचारावी. ध्वनिमुद्रणही करावयाचे आहे, पण ते निवेदकास चित्रानंतर ऐकवावयाचे. आधी ऐकवले तर त्याच्या उत्तरातला नाद त्याचा की आमच्या यंत्राचा, हे सांगता येणार नाही.

प्रवास कोकण रेल्वेने होनावरपर्यंत व तेथून मोटारीने सुमारे साठ किलोमीटर. बंगळूरकडून येणाऱ्यास ताळगुप्प्यापर्यंत आगगाडी आहे, पण आम्ही जाणूनबुजून समुद्राकडून जाणार आहोत. वाटेत गेरुसोप्पे लागते. तेथे तासभर थांबून गावकऱ्यांना वरच्या धबधब्याचे नाव विचारावयाचे आहे, अर्थात ‘जोग’ किंवा ‘गिरसप्पा’ ह्यांपैकी एकही शब्द स्वतः न उच्चारता. कन्नड उत्तम जाणणारा एक विद्यार्थी बरोबर आहे. भिंग पुसण्यासाठी जुनी धुतलेली सुती फडकी प्रत्येकाने डझनभर आणावीत. तुषारांत एक फडके दहा मिनिटांहून अधिक टिकत नाही.